जिनेव्राचे हात

वेंटवर्थव्हिल, सिडनी
१८ जुलै २०२१

चि. मंजिरीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

काल सकाळी पूजा आटोपल्यावर मी मागच्या अंगणात व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी वर्तमानपत्रावर उलटी केली आणि धूळ चाळत बसलो. तुझ्या वहिनीने खिडकीतूनच विचारलं की हे लॉकडाऊनमुळे झालंय की वयामुळे.

झालं असं. चिन्मयी वेस्टमीडच्या लॅबमधून शिफ्ट संपवून आली की आम्ही बापलेक जिगसॉ लावतो. एका जुन्या इटालियन चित्राचा आहे. तिने खोक्याचं चित्र असलेलं झाकण लपवून ठेवलंय. बाईचा चेहरा झाला, केस झाले, मागचं काटेरी झुडूपही झालं. पण उरलेल्या तुकड्यांत एकही बोट दिसेना. मला वाटलं, हात व्हॅक्यूममध्ये गेले.

चिन्मयी पोट धरून हसली. म्हणाली, बाबा, चिल, तिचे हात कोणीतरी केव्हाच कापून नेलेत.

तिचं नाव जिनेव्रा. फ्लॉरेन्सची, सोळा-सतरा वर्षांची. लिओनार्दोने तिला रंगवलं तेव्हा तोही विशी-बाविशीचाच पोरगा होता. चित्राच्या लाकडी फळीच्या मागच्या बाजूलाही त्याने पानांची माळ काढलीय. ती माळ खाली अर्धवट तुटते, त्यावरून जाणकारांनी ताडलं की चित्राचा खालचा भाग गेलाय आणि त्यात बहुधा हात होते. का कापला ते कोणालाच ठाऊक नाही. आणि १९६७ साली ही बाई सुटकेसमधून विमानाने अमेरिकेला गेली, म्हणतात की तिच्यासाठी वेगळी सीट होती. इथे मला बहिणीकडे ब्रिस्बेनला यायला बॉर्डर बंद. दिवसभर फोनवर हेच वाचत होतो, जेवणाचीही शुद्ध नव्हती.

तू मागितलेला फोटो मोबाइलवर पाठवतोय. गेल्या गणपतीतला, चिन्मयी मोदक वळतानाचा. हातांवरचे कोडाचे पांढरे डाग त्यात स्पष्ट दिसतात. तुमच्या शेजारच्या सुहासिनीताईंना, त्यांच्या मुलाच्या स्थळासाठी, तो दाखवायचा का? फोनवर हे बोलता येत नाही, चिन्मयी आसपास असते.

तुझा,
दादा

स्प्रिंगफील्ड लेक्स
२६ जुलै २०२१

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आमच्याकडे सगळे हसले. पाचशे वर्षांपूर्वीच्या बाईसाठी धूळ चाळणारा माणूस माझा भाऊच असणार.

फोटो सुंदर आहे. मी तो मनगटाच्या वर कापलाय. तू रागावशील, पण ऐक. आपण खोटं बोलत नाही आहोत, फक्त नंतर सांगणार आहोत. आधी सुहासिनीताईंच्या यतीनला तिचा चेहरा बघू दे, दोघांना चार वेळा फोनवर बोलू दे. मुलगा गुणी आहे, आठवड्याच्या आठवड्याला आमची कचऱ्याची बिन बाहेर काढून ठेवतो. चिन्मयीशी बोलला की डाग त्याच्या मनातही येणार नाहीत.

माझ्या वेळचं आठव. माझा पाय अधू आहे हे अप्पांनी पहिल्याच निरोपात कळवलं आणि दोन स्थळं मला न बघताच परत गेली. अप्पा ओट्यावर गप्प बसून असायचे. तुला तसं बसावं लागू नये.

सुहासिनीताईंना रविवारपर्यंत फोटो हवाय. त्यांचा नंबर खाली देतेय, त्यांचा फोन आला तर गांगरू नकोस. तू हो म्हणालास की मी पाठवते.

वहिनीला नमस्कार, चिन्मयीला पापा. राग धरू नकोस.

तुझी,
मंजिरी

वेंटवर्थव्हिल
३१ जुलै २०२१

चि. मंजिरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागावलो नाही. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं, आणि दोन दिवस मी तुला हो म्हणण्याच्याच बेतात होतो. फक्त आधी चिन्मयीला विचारायचं होतं. पोर तिची, फोटो तिचा, आणि पत्रं आपण दोघं लिहितोय.

आज सकाळी विचारलं. ती जिगसॉची शेवटची ओळ लावत होती. मान वर न करता म्हणाली की सगळा पाठवा, नाहीतर नकोच. नंतर कळलं तर ते माझ्या हातांकडे बघतील आणि मी तुमच्याकडे बघेन. मग तिने उरलेला तुकडा माझ्या हातात दिला, म्हणाली हा तुम्ही लावा. मी तो दोनदा उलटाच बसवला.

तिथून उठून देवघरात गेलो. बाप्पासमोर बसल्यावर एकच मनात आलं. गेल्या वर्षी एकवीस मोदक तिने याच हातांनी वळले होते. तेव्हा नैवेद्य दाखवताना मला क्षणभरही डाग आठवले नव्हते.

अप्पा ओट्यावर गप्प बसायचे खरे. पण तिसरं स्थळ आलं ते तुझ्या पायाचं सगळं ऐकूनच आलं, आणि तो माणूस आज तुझ्या घरात माझी पत्रं वाचून हसतोय.

मंजू, ऐक. तू दिलेल्या नंबरवर मी स्वतःच, न कापलेला फोटो, मोदकांच्या ताटासकट सुहासिनीताईंना पाठवला. खाली लिहिलं: चिन्मयीच्या दोन्ही हातांवर कोड आहे. मोदक तिनेच केलेत.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
दादा