हृषीचा उजवा हात

२ फेब्रुवारी १९८४, गुरुवार
हृषी इथल्या, आखातातल्या अमेरिकन शाळेच्या बेसबॉल टीममध्ये पिचर झाला. पिचर म्हणजे आपला बोलरच, फक्त धावत येत नाही, उभ्याउभ्या फेकतो. वय वर्षं बारा, आणि एवढ्या गोऱ्या पोरांतून निवड. हात माझ्यावर गेला आहे. मेधाचं म्हणणं, तिच्या भावावर गेला आहे. तिचा भाऊ कॅरम खेळतो.
संकल्प: पोराच्या खेळात जातीने लक्ष घालायचं. मात्र प्रेशर अजिबात आणायचं नाही.

९ फेब्रुवारी, गुरुवार
पहिली मॅच. हृषी उत्तम फेकत होता. समोरच्यांना बॉल दिसत नव्हता, आणि नेमकं त्याच वेळी कोच डॉसनने त्याला बाहेर काढलं. जाऊन विचारलं. म्हणाला, नियम आहे. आठवड्याला सहा इनिंग, म्हणजे सहा छोटे डाव, पुढे काही दिवस पूर्ण विश्रांती. या वयात हाडं वाढत असतात, हात जपावा लागतो.
मी सांगितलं, कॉलेजात असताना मी लंचपासून टीपर्यंत एका एंडने बोलिंग केली आहे. तो म्हणाला, व्हेरी इंटरेस्टिंग. पटलेलं दिसलं.
घरी येताना मेधाला म्हटलं, आपल्या पोराला मुद्दाम दाबतात. ती म्हणाली, कोचच्या स्वतःच्या मुलालाही काढलं की. मी म्हटलं, ते दाखवण्यापुरतं असतं. बायकांना पॉलिटिक्स कळत नाही.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार
तोड सापडली. शहराबाहेर सलमाबादला गोदामांच्या मागे दर शुक्रवारी सकाळी क्रिकेट चालतं. सिमेंटच्या पट्टीवर काथ्याचं मॅटिंग, बाकी सगळी वाळू. कॅप्टन शंभू, वेंगुर्ल्याकडचा, गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. त्यांना फास्ट बोलर हवाच होता.
माझी थिअरी अशी: बेसबॉल कोपरातून वाकवून फेकतात, क्रिकेटचा बॉल हात सरळ ठेवून टाकतात. म्हणजे स्नायू वेगळे. म्हणजे गुरुवारच्या बेसबॉलवर शुक्रवारचं क्रिकेट ही विश्रांतीच झाली. डॉसनच्या हे लक्षात येणं शक्य नाही, त्यांच्याकडे क्रिकेट नाही.
हृषीने विचारलं, कोचना सांगायचं का? तो मराठी सगळं समजतो, बोलतो इंग्लिशमध्ये. मी म्हटलं, त्यांनी विचारलं तर सांगू. न विचारलेलं न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. ओके, बाबा, म्हणाला. समजूतदार आहे.

२७ फेब्रुवारी
हृषीचा कोपर थोडा धरला आहे. वाढीचं दुखणं. डॉसनने बर्फ लावायला सांगितला म्हणे. बर्फ सरबतात घालायचा असतो. नारायण तेल चोळलं आणि वर गरम विटेचा शेक दिला. दोन वेळा ओठ चावले त्याने, आवाज काढला नाही. कणखर आहे.
मेधा म्हणाली, एक शुक्रवार राहू दे. मी म्हटलं, सवय मोडली की हात जड होतो.

१२ मार्च
आज जेवताना पाहतो तर हृषी डाव्या हाताने वरणभात खातोय. थक्कच झालो. अमेरिकन शाळेचे संस्कार, दुसरं काय. उद्या काट्याने पुरणपोळी खाईल. चांगला झापला. या घरात जेवण उजव्या हाताने, नाहीतर ताट उचललं जाईल.

१५ मार्च
सुधारणा आहे. उजव्या हाताने जेवतो. घास तोंडापर्यंत नेत नाही, मानच ताटाशी आणतो. मेधाला ते विचित्र वाटतं. मला त्यात नम्रपणा दिसतो. थोडं रागावलं की मुलं सुधारतात.

२३ मार्च, शुक्रवार
सलमाबादला हृषीच्या चार विकेट. पुढे दमला. शंभू येऊन म्हणाला, "सायबांनू, पोरग्याक आता बसवया. दमलेलो दिसता." मी म्हटलं, अजून एक ओव्हर, पाचवी विकेट येतेच आहे. आली नाही. उन्हात वाळू तापते, त्यात फॉलोथ्रू नीट होत नाही.
परतताना हृषी गाडीत माझ्या शेजारी बसला. खिडकीची काच डाव्या हाताने, उलटा वळून खाली करत होता. मजेशीर पोरगा आहे.

६ एप्रिल, शुक्रवार
घरी सत्यनारायण घातला. टीमची फायनल पुढच्या गुरुवारी, तेव्हा देवाच्या कानावर घातलेलं बरं. बँकेतला राजन पोथी वाचतो, तोच आमचा गुरुजी. आमच्या माहूज भागातली निम्मी मराठी मंडळी आली होती.
तीर्थ घेताना हृषीने डावा हात पुढे केला. सगळ्यांसमोर. राजनची पळी हवेतच थांबली. कुणीतरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याचं उजवं मनगट धरलं आणि हात सरळ ओढला.
तो ओरडला. मुलाच्या तोंडून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. नाटकं करू नकोस, असं मी म्हणालो. हात सरळ होत नव्हता. मेधाने मला बाजूला ढकललं, पाहुण्यांसमोर, आणि त्याला आत घेऊन गेली.
शिरा छान झाला होता. बऱ्याच जणांनी तसं सांगितलं.

७ एप्रिल, शनिवार
हॉस्पिटल. एक्स-रे. डॉक्टरने फिल्म उजेडात धरून समजावलं: कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे हाड अजून वाढत असतं, तिथला तुकडा सारखा ओढला जाऊन सुटला आहे. सुटल्यावरही बरेच दिवस तो फेकत राहिला असणार. रोज दुखत असणार. प्लास्टर घालावं लागेल. हात पूर्ण सरळ होईलच असं नाही. फेकणं बंद. किती दिवस, असं मी विचारलं. डॉक्टर प्लास्टरचा कागद लिहायला लागला.
डॉसन कळल्याबरोबर धावत आला होता. डॉक्टरने विचारलं, मुलगा किती फेकायचा? डॉसन म्हणाला, नियमाप्रमाणे, मी स्वतः बघत होतो. डॉक्टर म्हणाला, तेवढ्याने हे होत नाही. डॉसनचा चेहरा उतरला. म्हणाला, मग माझंच चुकलं असेल, मला दिसायला हवं होतं.
हृषीने माझ्याकडे पाहिलं. मी एक्स-रे पाहत होतो. फार स्पष्ट आला होता.

१६ एप्रिल
मेधा कामापुरतंच बोलते. हृषीला स्वतःच्या हाताने भरवते. डॉसनला फोन करून सगळं सांगायचं ठरवलं आहे. आज दोनदा लावला, एंगेज्ड. शिवाय नक्की काय सांगणार? हाडं मुळातच नाजूक असतील. मेधाच्या माहेरी सगळ्यांचीच आहेत.
संकल्प: या आठवड्यात डॉसनशी बोलायचं.

१० मे, गुरुवार
प्लास्टर निघालं. कोपर वाकडाच राहिला. डॉक्टर म्हणतो, लिहिता येईल, जेवता येईल. येईलच की.
शाळेतून कळलं, डॉसनने कोचिंग सोडलं. म्हणाला म्हणे, ज्याला एका मुलाचा हात सांभाळता आला नाही त्याने पोरांना शिकवू नये. जूनमध्ये कायमचा परत जाणार होता, तो आता याच महिन्यात जातो आहे.
संध्याकाळी हृषी माझ्या खुर्चीशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा ना त्यांना." मराठीत म्हणाला. सबंध वाक्य. मी म्हटलं, सांगतो, योग्य वेळ बघून सांगतो. मला फार वाईट वाटलं. त्याचे उच्चार मात्र चांगले आहेत.

२५ मे, शुक्रवार
सकाळी डॉसनला भेटायला हृषीला घेऊन गेलो. सांगायचंच म्हणून गेलो. रस्ताभर इंग्लिश वाक्यं जुळवली होती, चांगली जमलीही होती.
दारात बांधलेली खोकी होती. डॉसन हृषीसमोर गुडघे टेकून बसला, त्याचा वाकडा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, आय अ‍ॅम सॉरी, सन. त्याचे डोळे भरले होते. मग उठून मलाही सॉरी म्हणाला. तुम्ही मुलगा माझ्या विश्वासावर दिला होता, म्हणाला.
हृषी माझ्या तोंडाकडे बघत होता.
मी म्हटलं, हॅव अ सेफ जर्नी.
परत निघालो तेव्हा हृषी मागच्या सीटवर जाऊन बसला. मी म्हटलं, पुढे ये, पुढे एसी लागतो. तो आला नाही.