चौथीची जागा

मुरबे, रविवार

प्रिय प्रियदर्शिनी,

रागावू नकोस, पण मला तुझा हेवा वाटतो हे आधीच सांगून टाकते. पोटात ठेवलं की मला जेवण जात नाही. मोबाइलवर लिहिलं असतं तर दोन निळ्या खुणा दाखवून तू गप्प बसली असतीस, म्हणून हे पत्र. पुण्याच्या तलावावरचा तुझा तो फोटो मी रोज बघते. चौघी गळ्यात गळे घालून उभ्या, आणि रिलेत शेवटी उडी मारणारीच्या जागी ती उंच पोरगी. आपल्या संघात ती माझी जागा होती. दात तरी किती दाखवतेय!

आपल्या कॉलेजने पोहण्याचा संघ बंद केला त्याला आता वर्ष होत आलं. पोरी मोजक्याच, तलाव भाड्याचा, एवढंच कारण. क्रिकेटवाल्यांना मात्र यंदा नवे कपडे आले, पाठीवर नावासकट. आपल्याला पोहायला शिकवणारे अंकुश सर आता त्यांच्याच मागे असतात आणि मी दिसले की उगाच मोबाइल कानाला लावतात. बिचारे, त्यांच्या तरी हातात काय होतं? मला म्हणाले, कबड्डीत ये. गेले. पहिल्याच चढाईत मी सवयीने श्वास रोखला आणि तोंड मिटून नुसती पळत सुटले. 'कबड्डी' म्हणायचंच राहिलं! पोरी अजून चिडवतात.

आपल्या निवड चाचणीतही मी अशीच फजिती करून घेतली होती, आठवतं? बोईसरच्या त्या तलावात मी सगळ्यांच्या पुढे होते, आणि तिरकी तिरकी जात दोरीखालून तुझ्या पट्ट्यात घुसले. खाडीत समोर बघून सरळ पोहलं तर पाण्याची ओढ भलतीकडे नेते, म्हणून आम्ही आधीच वरच्या अंगाला रोख धरतो. तलावातलं पाणी कुठेच जात नाही हे माझ्या हातापायांना कुठे ठाऊक? सगळे हसले, तू हसली नाहीस. तळाची काळी रेघ दाखवून म्हणालीस, हिच्यावरून नजर हलवू नकोस. तुमच्या कॉलनीतच तलाव होता, लहानपणापासून तुला ती रेघ ठाऊक. तेव्हाही मी तुझ्यावर जळले होते, पण शिकलेही तुझ्याकडूनच.

तू पुण्याला प्रवेश घेतलास तेव्हा मीही घरी विषय काढला होता. आईने सुकट पसरता पसरताच तो संपवला. म्हणाली, "पवायला पुन्याला कशाला? आपला दर्या आटला हाय का?" बाबा हसले, म्हणून मीही हसले, आणि मग मागच्या दारी जाऊन रडले. दर्या आटला नाही गं. अजून पोहते मी. पण तिथे शेजारी कुणी नसतं, आणि आपण जिंकलो की हरलो ते कळत नाही.

परवा तुझी आई बोईसरच्या बाजारात आमच्याकडे बोंबील घ्यायला आली होती. म्हणाली, पोरीचं तिकडे मन लागत नाही, सर सारखे ओरडतात, दिवाळीला आली की पोहणं सोडून इथेच राहते म्हणते. खोटं कशाला बोलू, ऐकून मला आनंद झाला. अगदी गोड वाटलं. मुरब्याला पोचेपर्यंत त्याचा राग झाला, आणि त्या रागातच हे लिहायला बसले आहे. वर्षभर मी जिच्यासाठी जळतेय ती जागा तू अशी टाकून येणार? ओरडू देत की तुझे सर! इथे ओरडायलाही कुणी उरलं नाही. उद्या सकाळी गुपचूप टोपी घाल आणि पाण्यात उतर. आणि सोडायचंच ठरवलं असशील, तर निघण्याआधी त्या सरांना माझं नाव सांगून ये. आईशी मी भांडेन.

तुझीच, जळकी,
भाविका