काकांचं जाळं

टिटवे,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. तू काकांकडून आणलेलं बारीक भोकांचं जाळं शोधू नकोस. ते परत द्यायला मी निघालोय. तुला न विचारता करतोय, चुकलं असेल तर रागव.

सकाळी हॉटेलचा आचारी आला होता. तू गळाने धरून होडीतच बर्फात ठेवलेला मासा त्याने अंगठ्याने दाबून पाहिला. अंगठा काढताच मांस पुन्हा वर आलं. "आजोबा, हा कोणी धरला?" अनोळखी माणसापुढे माझी बोबडी वळते, पण "माझ्या मुलीने!" असं इतक्या मोठ्याने म्हणालो की मांजर पळालं. रोज थोडेच मिळतील, हेही सांगितलं. तो म्हणाला, "थोडे द्या, पण असेच द्या."

काल तू वैतागून म्हणालीस, गळाला थोडेच लागतात म्हणून सगळे हसतात, आता मीही जाळ्याने पिल्लांसकट सगळं ओढून आणते. नको आणूस.

काका माझी पुस्तकी अक्कल काढणारच. त्यांच्यासाठी मोठं उत्तर पाठ केलंय. ऐनवेळी विसरलो, तर जाळं ओट्यावर ठेवीन आणि "माझी मुलगी गळानेच धरते" एवढंच सांगून येईन.

चहा झाकून ठेवलाय.

बाबा