टरेट जागेवर आला, बाबा

प्रिय बाबा,

त्या कागदावर तुम्ही सही काहून केली? याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही, आणि तुम्हाला तर आता विचारताही येत नाही. पण काल तसाच एक कागद माझ्यासमोर आला, म्हणून लिहिते आहे.

मी तेव्हा दहावीत होते. कारखान्यातून तुम्ही तो कागद घडी घालून आणलात आणि मीच तो वाचून दाखवला. लेथ मशीन तुमच्या हलगर्जीपणानं बिघडली, असं त्यात लिहिलं होतं. त्या दिवशी तर तुम्ही कामावरच नव्हता! मी तसं म्हटलं, तर म्हणालात, "तू काहून डोकं लावून राहिली वं? साहेबाशी भांडून कोणाचं भलं झालं?" आणि पेन मागितला.

पेन मीच दिला, बाबा. दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला लेथवरून काढून पेट्या उचलायला लावलं. ते हात, आणि पेट्या! मला साहेबाचा राग आला होता, तसा तुमचाही. अजून आहे.

आता माझं ऐका. तुमच्या लेथवर एका वेळी कापायचं एकच टूल असायचं. बुटीबोरीच्या कारखान्यात मी नवीन इंजिनियर आहे; तिथल्या आमच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर बारा टूलं धरणारं एक जाडजूड चाक असतं, त्याला टरेट म्हणतात. खंडेनवमीला मी हौसेनं त्यातली सगळी टूलं काढली, पुसली, ताटात मांडून हळदकुंकू वाहिलं. तुम्ही तुमच्या पान्यांना वाहायचात ना, तसंच. परत लावताना मात्र दोन टूलांची अदलाबदल झाली. माझ्या हातून.

दसऱ्यानंतर सुखदेवभाऊंनी मशीन सुरू केली. ठेकेदाराकडचे ऑपरेटर, तुमच्यासारखेच कमी बोलणारे. आखूड टूलाच्या जागी लांब टूल पुढे आलं आणि तुकडा धरून फिरणाऱ्या चकवर आदळलं. टरेट जागचा सरकला. सुरू करण्याआधी पाहिलं नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मॅडमनं लावले म्हणजे बरोबरच असन."

मी टूलं एकेक करून तपासली, तेव्हा माझी अदलाबदल दिसली.

सुपरवायझर म्हणाले, दोन हातोडे हाणा, उरलेला फरक मशीनच्या प्रोग्राममध्ये जमवून घ्या. मी नाही म्हटलं. बोल्ट सैल केले, चकवर बारीक फरक दाखवणारा डायल बसवला आणि टरेटला तांब्याच्या हातोडीनं हळूहळू सरकवत बसले. हातोडीनं मारायचं नसते, समजवायचं असते, हे तुमचंच ना? जुने फिटर मागे हसत होते, मॅडमच्या डिग्रीले हळद जास्त झाली म्हणून. हसू दे! जेवणाची सुट्टी गेली, चहा गेला. चारच्या सुमारास डायल टरेटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला तरी काटा हलेनासा झाला. पहिलाच तुकडा मापात उतरला.

मग तो कागद आला. अपघाताचं कारण: ऑपरेटरची चूक. आधीच लिहून ठेवलेलं. मी फक्त सही करायची.

"तुम्ही नवीन आहा, मॅडम," सुपरवायझर म्हणाले. "अजून पक्क्या नाही झाल्या. सुखदेवचं काय, तो दुसरीकडे लागून जाईन."

सुखदेवभाऊ शेजारीच उभे होते. "करून टाका सही," म्हणाले आणि खिशातला पेन काढून माझ्यापुढे धरला.

बाबा, तुमचाच हात वाटला तो.

तुम्हाला शब्द देते: आपल्या घरातलं नाव खोट्या कागदाखाली पुन्हा लागणार नाही. नोकरी पक्की होईल की जाईल, माहीत नाही. गेली तर गेली, हातोडीनं समजवता येते मला.

मी तो पेन घेतला. 'ऑपरेटरची चूक' यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: पूजेनंतर टूलं चुकीच्या जागी मी लावली. पूर्ण नाव, सही. कागद आमच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवून आले आहे. त्याची झेरॉक्स सुखदेवभाऊंच्या खिशात आहे.

तुमची,
मनीषा