मल्लूच्या गळ्यातला दोरा

११ एप्रिल १९८३, सोमवार
आज पुन्हा तोडला! मल्लूनं गळ्यातला शिवदारा, लिंगाचा दोरा, तोडून लिंग अंगणात भिरकावलं. महिन्यातली तिसरी वेळ. सासूबाई म्हणाल्या, अंगावर लिंग नाही तोवर पाण्याचा थेंब द्यायचा नाही. मठातले स्वामी येऊन पूजा होईस्तोवर दोन वाजले. पाच वर्षांचं लेकरू, बाहेर ही आग — आणि मी गप उभी! माझी मलाच लाज वाटते. नवा दोरा मीच बांधला, जरा घट्टच. ती किंचाळली, भिंतीवर डोकं आपटून घेतलं. शेजारीण म्हणाली, बाहेरचं काहीतरी हाय. तिचं नेहमीचंच.

१२ एप्रिल
टँकर नाही. मल्लूनं रिकाम्या घागरी ओळीनं मांडल्या. मी एक हलवली तर केवढा आकांत!

१४ एप्रिल, गुरुवार
जेवताना हे म्हणाले, मल्लूला आश्रमात ठेवायचं. कर्नाटकाच्या हद्दीवर हाय. पुढच्या आठवड्यात. आईनं ठरवलंय.
"तिथं तिच्यासारख्या लई हायेत."
आणि वरणात भाकरी चुरत बसले! पोर माझी, आणि मला विचारलंसुद्धा नाही!

१६ एप्रिल, शनिवार
कुणाला न सांगता मल्लूला घेऊन दवाखान्यात गेले. जिल्हा झाल्यापासून लातुरात पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई आल्यात. त्या मल्लूशेजारी फरशीवर बसून तासभर बाटल्यांची झाकणं मांडत राहिल्या. ही कसली तपासणी, असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "ही वेडी नाही, हिला कुणी काही केलेलं नाही. याला ऑटिझम म्हणतात. जन्मतःच असतं, कुणाचा दोष नसतो. आपल्याला साधा दोरा, तो हिला काट्यासारखा टोचतो."
काटा! आणि तो मी माझ्या हातानं बांधत आले!
यावर औषध नाही म्हणाल्या. पण शिकेल. एका वेळी एकच शब्द बोलायचा, रोजचा क्रम मोडायचा नाही, काही करायच्या आधी तिला दाखवायचं. घरात आणखी कुणी असं होतं का, विचारलं. मी ठासून सांगितलं — कुणी नाही.

१७ एप्रिल
स्वामींना विचारलं. म्हणाले, समज येईस्तोवर लिंग देव्हाऱ्यात ठेव, तुझ्या सासूला, शांतम्माला, मी सांगतो. एवढं सोपं होतं?
दोरा काढला. मल्लू दुपारभर शांत झोपली. सासूबाईंना डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. "कुणाचा दोष नसतो" हे त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं, मग उठून गेल्या. भिंतीशी बोलल्यासारखं झालं.

१९ एप्रिल, मंगळवार
सासूबाई सकाळच्या एसटीनं आश्रमाकडं गेल्या, एकट्याच. जागा पक्की करायलाच, दुसरं काय! मी ट्रंक भरली. उद्या मल्लूला घेऊन औशाला, माहेरी. हे काय म्हणायचं ते म्हणोत.

२० एप्रिल
सासूबाई आल्या. सोबत पस्तिशीची एक बाई, केस बारीक कापलेले, कुणाकडं बघत नव्हती.
"ही गौरम्मा. तुझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सात वर्षांची असताना मीच तिथं सोडून आले व्हते."
लग्नात मला सांगितलं होतं, ही नणंद लहानपणीच वारली. तेव्हापासून मी रोज तिच्या फोटोला विभूती लावते! ह्यांनी मान वर केली नाही.
सासूबाई म्हणाल्या, "त्या डॉक्टरीणबाईकडं हिलाबी नेऊ."