कंपासपेटीतला रोटर

बाबा, तुमची अँबेसिडर परवा गेली. चोरीला नाही गेली, तेवढं आधी सांगते, नाहीतर तिथेही तुमचा जीव खालीवर व्हायचा.

मी सातवीत होते त्या वर्षी गोंडपिपरीत गाड्या चोरीला जात होत्या, आणि नदी ओलांडून तेलंगणात गेलेली गाडी परत येत नाही, हे तुमच्यासारख्या जंगल खात्याच्या ड्रायव्हरला कोणी सांगायची गरज नव्हती. म्हणून तुम्ही रोज संध्याकाळी बॉनेट उघडून इंजिनातला रोटर काढायचात. अंगठ्याएवढी वस्तू, पण ती नसली तर चावी कितीही फिरवा, गाडी सुरू होत नाही. तो माझ्या कंपासपेटीत ठेवत तुम्ही म्हणालात, "चोर सारं घर पाह्यल, पोरीचा कंपास नाई पाहत. अन् लहान्याले सांगू नको, त्याच्या पोटात काही राहत नाई." मला केवढा तोरा चढला होता! मग एक दिवस कंपास तसाच शाळेत नेला. मामाच्या लग्नाला निघालेले तुम्ही, इस्त्रीच्या कपड्यांत, सायकल हाणत आलेले, घामाघूम, वर्गाच्या दारात उभे. सगळ्यांसमोर म्हणालात, "चोर परवडला बाई, पण असा राखणदार नाई पाह्यजे." मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही. आता वाटतं, तो आठवडा फुकट घालवला.

तुम्ही गेल्यावर धाकटा पुण्याहून आला. गाडी विकून टाकू म्हणाला, नवी बॅटरी लावली, चावी फिरवून फिरवून दमला. "इंजिन गेलं, ताई." मी चहा गाळत होते. चोराच्या मनात चांदणं, त्याच्याकडे मान वर करून पाहवेना. तो परत गेल्यावर दर रविवारी सकाळी मी रोटर बसवायची, गाडी दहा मिनिटं सुरू ठेवायची, पुन्हा काढून ठेवायची. चालवता तर मला येतच नाही. इतकी वर्षं असंच चाललं.

परवा तो भंगारवाल्यालाच घेऊन आला. माणूस टेम्पोतून कटर उतरवतो आहे आणि मी कंपास घेऊन दारात उभी आहे. गप्प राहिले तर गाडीचे तुकडे होणार, बोलले तर धाकटा ती विकून टाकणार. "थांब," म्हटलं. रोटर बसवला, चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

"ताई, तुले माहीत होतं? मले काऊन नाई सांगतलं?"

तुम्ही त्याच्याबद्दल काय म्हणाला होतात ते सांगितलं. तो हसला, आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकवून खूप रडला. "नाई विकत, मी नेतो," म्हणाला. रोज रोटर काढून ठेव, असं त्याला बजावलं आहे.

घर फार शांत झालंय, बाबा. कंपास रिकामा आहे, म्हणून हे पत्र घडी करून त्यातच ठेवते. एक कबूल करते. गाडी मी चोरापासून जपली नाही, भावापासूनही नाही. रविवारी इंजिन सुरू झालं की वाटायचं, आता तुम्ही हॉर्न वाजवाल, "चाल ना बाई, किती वेळ?" म्हणाल. दर वेळी मी चप्पल घालून बसलेली असायची.