बाबांच्या गाडीतला जुना माग

७ मार्च, गुरुवार

ओड्डुर येतोय! ताफ्यात तिसरी गाडी त्याची. बोलावलं ग्रीमुरकाकांनी, बाबांचे जुने सोबती ते. "तुमचा बाप जाऊन वर्ष झालं पोरांनो, एकदा सगळे मिळून हिमनदीवर जाऊन येऊ." क्येतिल नुसता "बरं" म्हणाला. माझा नवरा असाच.

ओड्डुर माझा धाकटा भाऊ. वर्षभर एकच धरून बसलाय — बाबांच्या जीपीएसमध्ये तीन वर्षांपूर्वीच्या वाटेचा माग क्येतिलने भरला. हिमनदी सरकते, भेगा दर हिवाळ्यात जागा बदलतात, इथलं शेंबडं पोरही जाणतं. बाबा सर्वांत पुढे होते. सरळ भेगेत गेले. दफनाच्या दिवशी ओड्डुरने चर्चच्या दारातच क्येतिलची गचांडी धरली. "दाजी, तुला मी त्याच भेगेत गाडीन." क्येतिलने कधी नाही म्हटलं नाही.

एक गोष्ट मी या वहीत वर्षभर लिहिलेली नाही. आजही नाही लिहीत.

९ मार्च, शनिवार

सकाळी बर्फात रुतू नये म्हणून टायरमधली हवा बरीच उतरवली आणि चढाला लागलो. दुपारी नदीवरचा बर्फ फुटला. मी पुढे पायी बर्फ तपासत होते, क्येतिल गाडीसकट आत — बॉनेटपर्यंत पाणी. ओढायला ओड्डुरचीच गाडी जवळ.

दोराच्या मधोमध जाकीट टाकायचं असतं, तुटला तर उसळू नये म्हणून. मी माझं अंगातलं काढून टाकलं. ओड्डुरने ते उचलून भिरकावलं. "लाड पुरे झाले, ऊन्नूरताई." आणि दोर ढिला असतानाच गाडी दणकून पुढे काढली.

त्याच्या गाडीचा दोर अडकवायचा आकडा उपटला. दोरासकट उलटा आला, आमची काच फोडून क्येतिलच्या कानाशेजारी सीटमध्ये रुतला. चार बोटं इकडे असता तर संपलंच होतं.

काकांनी ओड्डुरच्या कानाखाली जाळ काढला. क्येतिल गालातल्या काचा उपटत बाहेर आला. "दुसरा दोर आण," एवढंच म्हणाला.

१० मार्च, रविवार

मुक्कामाच्या केबिनमध्ये न्याहारी. काका वाळवलेल्या माशाला लोणी लावून वाटत होते. क्येतिलने एक तुकडा ओड्डुरपुढे केला.

"बाप खाल्लास माझा, आता मला भरवतोस?"

दाराशी बर्फ उपसायचं फावडं होतं, ओड्डुरने ते उचललं. पहिला घाव खांद्यावर, दुसरा जबड्यावर. दोन दात लोण्यात पडले. क्येतिलने हातसुद्धा उचलला नाही. खाली पडला तर बरगड्यांत लाथा. काकांनी मागून आवळलं तर ओड्डुर त्यांच्या मनगटाला चावला. मी किंचाळत होते, पण जे बोलायला हवं होतं ते नाही.

क्येतिलने रक्ताळल्या तोंडाने माझ्याकडे बघून मान हलवली. नको. आणि मी भ्याडासारखं त्याचं ऐकलं.

११ मार्च, सोमवार

क्येतिलचा जबडा तारेने बांधलाय. ओड्डुर इस्पितळाबाहेर गाडीत पोलिसांची वाट बघत बसला होता. शेजारी जाऊन बसले आणि सांगून टाकलं — माग मी भरला. चुकीचं वर्ष निवडलं. क्येतिलने स्वतःवर घेतलं.

"ठाऊक आहे, ताई. निघताना बाबाच म्हणाले होते, ऊन्नूरने सगळं भरून दिलंय."

"मग त्याला का मारलंस?"

"तुला कसं मारू?"